चि. मनूस, न्यूपोर्टच्या (ओरेगॉन, अमेरिका) पत्त्यावर

नाशिक, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन आईने ठेवला, मी नाही, हे आधी सांगतो. तू "खेकड्यांच्या बोटीवर जाणार" म्हणालीस आणि ती सरळ देवघरात गेली. फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं, म्हणून लिहायला बसलो.

बोटीविषयी मी काही बोलणार नाही. एवढंच, जाकीट घालूनच चढायचं. बोट धक्क्याला बांधलेली असली तरी.

बापूकाका तुझ्या कामाबद्दल विचारत होते, "सी ग्रँट म्हणजे शिष्यवृत्ती का रे?" म्हटलं, नाही हो. अमेरिकेने 1862 मध्ये कायदा करून राज्यांना जमिनी दिल्या, त्यांच्या पैशातून शेतकी कॉलेजं उभी राहिली. शंभरेक वर्षांनी स्पिलहाउस नावाचा शास्त्रज्ञ म्हणाला, जमिनीसाठी केलं ते समुद्रासाठी का नको? 1966 मध्ये त्याचाही कायदा झाला. आता देशभर असे 34 कार्यक्रम आहेत, बहुतेक विद्यापीठांतून चालणारे. मिशिगन, विस्कॉन्सिनसारख्या समुद्र नसलेल्या राज्यांतसुद्धा, तिथल्या मोठ्या सरोवरांसाठी. केंद्राने दोन डॉलर दिले की एक डॉलर बाकीच्यांनी उभा करायचा. काम तीन प्रकारचं: संशोधन, शिक्षण आणि विस्तार, म्हणजे ते ज्ञान लोकांपर्यंत पोचवणं. काका म्हणाले, "म्हणजे राहुरी विद्यापीठ, पण कोळ्यांचं!" बत्तीस दात दाखवून हसले. मला मात्र फार बरं वाटलं. पोरगी साता समुद्रापार गेली आणि बापाचंच काम धरून बसली.

ती कालवांच्या हॅचरीची, म्हणजे पिल्लं वाढवतात त्या केंद्राची, गोष्ट मी टपरीवर सगळ्यांना सांगितली. तुमच्याकडच्या नेटार्ट्सच्या खाडीवर 2007-08 च्या सुमारास पिल्लं पटापट मरायला लागली, आधी जंतूंवर संशय, आणि मग तुझ्याच विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की खोल समुद्रातून वर येणाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) उतरलेला, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं आहे. सामू म्हटल्यावर आपल्या बागाईतदारांचे कान टवकारले. उपाय काय, तर पाण्यावर सतत नजर ठेवायची आणि त्यात धुण्याचा सोडा सोडायचा! एकजण म्हणाला, "साहेब, मातीचा रिपोर्ट तर आम्ही वळचणीला खोचून ठेवतो." त्याचा रिपोर्ट मीच काढून दिला होता, बरं का.

मनू, एक ऐक. पहिल्याच भेटीत सल्ला देऊ नकोस. निफाडला नवा होतो तेव्हा मी एम-एटी गाडीवरून उतरलो की थेट द्राक्षांवरच्या डाऊनी रोगाची औषधं सांगायला लागायचो. ऑक्टोबरची छाटणी झालेली, वर अवकाळी, घड कुजलेले. एका म्हाताऱ्याने कुजका घड माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, तुमचा पगार चालू आहे, माझा बाग गेलाय." घड ओला, चिकट होता. रुमालाला हात पुसायचीही लाज वाटली. तुझ्या खेकडेवाल्यांचंही तेच असणार. 2002 पासून तिथे उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला प्राणवायू घटतो, पिंजऱ्यात खेकडे मरून येतात. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, तू कागदावर. त्यांच्या पिंजऱ्यात तुमचं प्राणवायू मोजायचं यंत्र बसवायचं, तर आधी त्यांचं ऐकून घे. वही नंतर काढ. दिलेला चहा-कॉफी नाकारू नकोस. नावं लक्षात ठेव, बायकामुलांची चौकशी कर, आणि जे माहीत नाही ते

हे बघ, रिटायर झालेला कृषी सहाय्यक पुन्हा सुरू झाला. सोडून दे.

पण तुमच्या न्यूपोर्टला याक्विना नदी समुद्राला मिळते तिथली जागा मी मोबाईलवर बघितली. तोंडाशीच लाटा फुटतात. तटरक्षक दल कधीकधी बोटींना तिथून जायला बंदी करतं म्हणे. बंदी असली तर तू घरी. तुझं काम एक दिवस थांबतं. तुला पोहता येतं हे सांगू नकोस, महापालिकेच्या तलावात मेडल मिळालंय ते कपाटातच आहे. तिथलं पाणी दहा-बारा अंशांचं. हात काही मिनिटांत बधिर होतात, मग मेडल काय करणार?

2008 चा पूर आठवतो? गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडत चाललेला, आणि आईने तुझ्या फ्रॉकचा पट्टा इतका घट्ट धरलेला की तो शिवणीतून उसवला. लोक मागे सरत होते आणि तू पुढे वाकत होतीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. गंगापूर धरणावरचं केदारचं प्रकरण तर मी काढतच नाही.

त्या किनाऱ्यावर अचानक मोठी लाट येते, समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका, असं तिथलं सरकारच सांगतं. वाळूत नमुने गोळा करताना खाली वाकशील तेव्हा हे ध्यानात ठेव.

जाकीट बोटवाला देतो की स्वतःचं लागतं, ते कळव. स्वतःचंच घे. मापाचं. पैसे दादा पाठवेल, तू भाव करत बसू नकोस.

तुझा,
अप्पा

ता. क. आत्याला फोन कर. तुझ्या न्यूपोर्टला जायची बातमी तिला शेजारणीकडून कळली, आणि ती ते मला रोज ऐकवते.