पोस्ट-टेस्टला २० पैकी १८, पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पॅलिएटिव्ह केअरच्या (म्हणजे बरं न होणाऱ्या आजारात पेशंटचं दुखणं, त्रास कमी करायच्या) ट्रेनिंगची बातमी तुमच्या पेपरात वाचली, इतके डॉक्टर, इतक्या नर्स, आणि खाली बॅनरसमोरचा ग्रुप फोटो. मी सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं स्टाफ नर्स होते, असे फोटो माझ्याकडेपण पडलेत, म्हणून लिहितेय.

माझं ट्रेनिंग तीन दिवसांचं. शिकवलं चांगलं, खोटं नाही बोलणार. दुखणं किती ते ० ते १० मध्ये विचारायचं, मॉर्फिनची गोळी सुरू केली की दर ४ तासांनी घड्याळ बघून द्यायची, पेशंट कण्हायची वाट बघायची नाही, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्याच दिवसापासून. आल्या आल्या प्री-टेस्ट, शेवटच्या दिवशी तोच पेपर पोस्ट-टेस्ट म्हणून, मला २० पैकी १८. फीडबॅक फॉर्मवर जेवण कसं होतं हेपण होतं (मठ्ठा छान होता). झालं मूल्यमापन.

मग वॉर्डात आले आणि ताप-नाडी लिहायच्या टीपीआर चार्टवर दुखण्याचा तो ० ते १० आकडा, म्हणजे पेन स्कोअर, लिहायला लागले. तोंडाच्या कॅन्सरचे एक आजोबा होते, स्कोअर ८, राउंडला सांगितलं तर डॉक्टर म्हणाले सिस्टर मॉर्फिनची सवय लागेल, आहे तेच इंजेक्शन चालू ठेवा. माणूस वाईट नव्हता हो, पण नीट डोस बांधून दुखण्यासाठी दिलं तर असं सहसा होत नाही हे मी जिथे शिकले तिथे तो आलाच नव्हता. डॉक्टरांची बॅच वेगळी, आमची वेगळी, सोशल वर्कर मॅडमना बोलावणंच नव्हतं, आणि आमच्या मावशी, ज्यांना कूस बदलताना आजोबा चादर कशी मुठीत धरतात ते रोज दिसायचं, त्यांना तर कोण विचारतं. महिन्याभरात मीपण स्कोअर लिहायचा सोडला. म्हणजे माझे १८ मार्क कुठे गेले?

१९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या पेशंटना सांभाळायची जागा) काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग सोशल वर्कर आणि मग डॉक्टर झाल्या. दुखणं नुसतं शरीराचं नसतं, मनाचं, घरच्यांचं, पैशाचंही असतं हे त्या सांगत आल्या. त्या बाईंनी एकटीने तीन कामं शिकून घेतली आणि आपल्याला तीन माणसं एका खोलीत बसवणं होत नाही!

ट्रेनिंगचा उपयोग झाला का हे मोजायच्या चार पायऱ्या किर्कपॅट्रिक नावाच्या माणसाने १९५९ मध्येच मांडल्यात. आवडलं का, शिकलात का, कामात वागणं बदललं का, शेवटी फरक पडला का. आपण दुसऱ्या पायरीवर चहा पिऊन घरी जातो. मुंबईत शांती अवेदना हे कॅन्सर पेशंटसाठीचं हॉस्पिस १९८६ पासून आहे, टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये पॅलिएटिव्ह केअरमध्ये एमडी होता येतं, त्यामुळे शिकवणाऱ्यांचा दुष्काळ आहे असं नाही.

मोजायला काही फार लागत नाही. तीन महिन्यांनी त्याच वॉर्डातले दहा केसपेपर काढा. स्कोअर लिहिलाय का, जास्त असेल तर त्याच दिवशी काही केलं का, आणि नंतर परत विचारलं का. मॉर्फिनचं रजिस्टर उघडा, २०१४ ला कायदा बदलून लायसन्सची कटकट कमी केली तरी गोळ्या कपाटात जशाच्या तशा असतील तर ट्रेनिंगचं काय झालं ते कळलंच (नुसता खप वाढला म्हणजे सगळं छान असंपण नाही). घरी सोडलेल्या पेशंटच्या मुलीला फोन करून विचारा, रात्री दुखलं तर कुणाला फोन करायचा हे तुम्हाला सांगितलं होतं का. आणि मार्क एकेकट्याला नको, अख्ख्या वॉर्डाला द्या, डॉक्टरपासून मावशीपर्यंत.

पुढच्या वेळी अशी बातमी आली की तुमच्या वार्ताहराला सांगा, फोटो झाला की विचार, तीन महिन्यांनी वॉर्डात बघायला कोण जाणार. नाव सांगितलं तर तेपण छापा.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, सातारा