वाढत्या अंगाचं धनुष्य

शेफील्ड,
रविवार रात्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एकदाच घे, पण दणकट घे," आणि मी "बरं" म्हणून विषय बदलला. खरं म्हणजे धनुष्य तोवर घेऊन झालं होतं, आणि ते दणकट नाही. फोनवर बाबा मधेच बोलतात, म्हणून हे पत्र.

आधी आईसाठी. मी कुठलाही प्राणी मारत नाही. तुझ्या गळ्यातल्या माळेची शपथ घालायची गरज नाही. ब्रिटनमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला १९८१ च्या कायद्यानेच बंदी आहे. आमच्या तिरंदाजी क्लबाच्या जंगलात उभे असतात ते फोमचे प्राणी: हरीण, रानडुक्कर, एखादं अस्वल. पायवाटेने जायचं, खुंटीपाशी थांबायचं, झाडांच्या फटीतून नेम धरायचा. अंतर किती ते कोणी सांगत नाही, ते आपलं आपण ओळखायचं. पहिल्या बाणात लागलं तर गुण जास्त. चुकलं तर पुढच्या खुंटीवरून दुसरा, मग तिसरा, आणि गुण उतरत जातात. असे छत्तीस-चाळीस प्राणी, चढउतारावर, चिखलात. माझं अस्वल अजून शाबूत आहे. बाण त्याच्या पोटाखालून जातो आणि मागच्या पाचोळ्यात अर्धा तास शोधावा लागतो.

आता बाबा. सातवीत तुम्ही मला सायकल आणलीत ती वाढत्या अंगाची. युनिफॉर्म वाढत्या अंगाचा, रेनकोट वाढत्या अंगाचा. दोन वर्षं मी दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शाळेत गेले. राग नाही, त्या सायकलीने बारावीपर्यंत साथ दिली. पण धनुष्य वाढत्या अंगाचं घेतलं की फसलंच, आणि मी फसता फसता वाचले.

क्लबात एकाचं जुनं धनुष्य स्वस्तात मिळत होतं. चाळीस पौंडांचं. पौंड म्हणजे त्याचं स्वतःचं वजन नव्हे. दोरी पूर्ण ओढली की बोटांवर येतो तो भार. चाळीस पौंड म्हणजे अठरा किलो, रिकाम्या गॅस सिलिंडरहूनही थोडं जास्तच, तेही तीन बोटांवर. पहिले दहा बाण झोकात गेले. तुमचीच मुलगी, मनात म्हटलं हेच घ्यायचं, पुढे अंगवळणी पडेल. विसाव्या बाणाला हात थरथरायला लागला. खांदा वर, मान वाकडी, आणि दोरी हनुवटीपर्यंत यायच्या आत बोटं सुटायला लागली. नंतर तीन दिवस केस विंचरायला हात वर जाईना. आमचे शिकवणारे आजोबा सत्तरीचे आहेत. ते लांबून बघत होते, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात त्यांनी मापाची टेप दिली.

भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायचे. आपल्याकडे ज्याला वाव म्हणतात, तेवढं अंतर मोजायचं. माझं चौसष्ट इंच आलं. त्याला अडीचने भागलं की दोरी किती ओढली जाईल याचा अंदाज येतो: साडेपंचवीस इंच. गोम इथेच आहे. धनुष्यावर छापलेला आकडा असतो अठ्ठावीस इंच ओढीचा. ओढ एक इंच कमी झाली की साधारण दोन पौंड कमी होतात. मी सव्वीस पौंडांचं घेतलं, म्हणजे माझ्या बोटांवर एकवीसच्या आसपास येतात. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण शेवटच्या अस्वलापर्यंत खांदा जागेवर राहतो.

आणि बाबा, तुमचं निम्मं ऐकलं आहे. धनुष्याचे तीन तुकडे सुटे होतात: मधला लाकडी दांडा आणि वर-खाली दोन पाती. दांडा चांगला घेतला, तो टिकेल. सहा-आठ महिन्यांनी अंगात जोर आला की फक्त पाती बदलून जास्त पौंडांची लावायची.

तुम्ही म्हणालात अदिती स्वामीसारखं चाकांचं घे. साताऱ्याच्या माणसाने दुसरं काय म्हणावं! २०२३ मध्ये बर्लिनला ती सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी ओजस देवतळेही, तेव्हा तुम्ही पेढे वाटल्याचं आईने सांगितलं होतं. पण ते कंपाउंड. त्याची चाकं फिरली की पूर्ण ओढीला हातावर जेमतेम पाव हिस्सा भार उरतो, वर नेम धरायला भिंग, दोरी सोडायला खटका. उत्तमच आहे, पण जड आहे, आणि दुरुस्तीला वेगळं यंत्र लागतं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या फलटणकडचा प्रवीण जाधव ज्याने खेळला, ते रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकांचं, टोकं पुढे वळलेलं. माझं त्याच जातीचं, फक्त नेमाची काडी नाही, तोल सांभाळणाऱ्या दांड्या नाहीत. झुडपातून वाकून जाताना अडकायला काही नको.

इथे लाँगबोचं, म्हणजे माणसाच्या उंचीच्या जुन्या लाकडी धनुष्याचं, फार कौतुक. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ जहाजातून शंभरावर धनुष्यं निघाली, तीही शंभर पौंडांच्या पुढची! ते लोक लहानपणापासून ओढत. मी चाळिशीत ओढायला लागले.

एक गंमत राहिली. दोन्ही तळव्यांची छोटी खिडकी करून लांबचं झाड बघायचं आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला झाड खिडकीतच राहतं तो तुमचा मुख्य. माझा डावा निघाला. म्हणजे डावखुरं धनुष्य: उजव्या हातात धरायचं, डाव्याने ओढायचं. आई, पाटीवर मी डाव्या हाताने लिहायची तेव्हा तू पेन्सिल काढून उजव्यात द्यायचीस, आठवतं? इतक्या वर्षांनी डाव्या हाताला काम मिळालं. डावखुरी जुनी धनुष्यं सहज मिळत नाहीत, म्हणून नवं घ्यावं लागलं. सव्वाशे पौंड, आणि हे पौंड पैशांचे. बाबांनी रुपयांत करून बघू नये.

दोरी ओढतात तीन बोटांनी, अंगठा लागतच नाही. एकलव्याकडे द्रोणाचार्यांना इथे काही मागता आलं नसतं. बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, पाती तडकतात. हे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागतं, कारण प्रत्येकाला तेवढंच करून बघायचं असतं. बाबा, तुम्हीही करणार.

मे महिन्यात याल तेव्हा क्लबात पाहुण्यांसाठी सोळा-अठरा पौंडांची धनुष्यं असतात, आधी सांगून ठेवावं लागतं. आई, बाबांचा वाव मोजून कळव, आणि तुझाही. टेप शिलाई मशीनच्या डाव्या खणात आहे.

तुमची,
लेक