लसबाधेचा दावा अडतो तो कागदांवर

संपादक महोदय,

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना तिथल्या राष्ट्रीय लसबाधा भरपाई योजनेची माहिती फार कमी असते, म्हणून हे पत्र. दंडात फ्लूची लस टोचल्यावर खांदा धरला, तर चार गोष्टी दिसाव्या लागतात: दुखणे 48 तासांत सुरू झाले, ते त्याच खांद्यापुरते आहे, आधी तिथे त्रास नव्हता आणि त्याचे दुसरे काही कारण दिसत नाही. घोडे अडते ते नोंदींत. लस कोणत्या दंडात टोचली हेच कधी लिहिलेले नसते. ‘होईल बरे’ म्हणत माणूस तीन महिन्यांनी डॉक्टरकडे जातो आणि केसपेपरवर ‘काही आठवड्यांपासून दुखते’ एवढेच उमटते. वैद्यकीय नोंद किंवा तज्ज्ञाचे मत नसेल, तर नुसत्या तोंडी सांगण्यावर भरपाई देता येत नाही, असे कायदाच सांगतो. तेव्हा पहिल्याच भेटीत लसीची तारीख, बाजू आणि दुखणे सुरू झाल्याचा दिवस लिहून घ्या. उपचार पुण्यात झाले असतील तर तेही केसपेपर जोडा.

त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला हवा (किंवा रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली). अर्ज पहिल्या लक्षणापासून 3 वर्षांच्या आत. दावा प्रामाणिक आणि वाजवी आधाराचा असेल, तर हरल्यावरही वकिलाचा खर्च योजनेतून मिळू शकतो.

कोविड लशीची योजना वेगळी, तिची मुदत लस घेतल्यापासून जेमतेम 1 वर्ष. ती वाढवायलाच हवी.

— एक वाचक, न्यू जर्सी