वटवाघळे हाकलायची तर शिमग्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्यात कोकणातली बंद घरे उघडतात आणि माळ्यावरच्या उग्र वासाने चाकरमानी हैराण होतात. मग कुणी मिरच्यांची धुरी देतो, कुणी डांबरगोळ्या पिशव्या भरभरून वर भिरकावतो, तर कुणी गवंडी बोलावून कौलांखालच्या फटी सिमेंटने लिंपून घेतो. काम उरकले की मंडळी मुंबईला परत. पुढचे भोगायला आम्ही शेजारी असतोच, म्हणून हे पत्र.

जुन्या घरांत राहणाऱ्या मोठ्या कानांच्या वटवाघळांची पिल्ले नेमकी एप्रिल-मेमध्ये जन्मतात. तिन्हीसांजेला आया भक्ष्यासाठी बाहेर पडल्यावर फट बुजवली, की पिल्ले आत उपाशी मरतात आणि अख्खा पावसाळा घर कुजका वास मारते. आया मग आमच्या पडवीत.

पूर्वी दरवर्षी शाकारणी व्हायची, आढ्यापर्यंत उजेड-वारा जायचा, त्यामुळे यांचा मुक्काम लांबत नसे. शाकारणीही वैशाखातलीच, हे कबूल. पण कौले उतरवली तर आई पिल्लाला पोटाशी धरून दुसरीकडे जाते. सिमेंटने कोंडल्यावर ती वाट राहत नाही.

तेव्हा हे काम शिमग्याला गावी येता तेव्हाच करा. दिवस मावळताना अंगणात बसा आणि कुठल्या फटीतून बाहेर पडतात ते पाहून ठेवा. लहान पाकोळ्यांना, म्हणजे छोट्या वटवाघळांना, अंगठा जाईल एवढी फट पुरते. तिथे बारीक जाळी वरून आणि बाजूंनी ठोकायची, खालून मोकळी सोडायची. बाहेर पडणारी खाली सरकून निसटते, परतणारीला दार सापडत नाही. काही रात्री आतून कुणीच निघाले नाही, की मग खुशाल सिमेंट लावा. खोलीत एखादे शिरलेच तर पंखा आणि दिवा बंद करून खिडक्या उघडाव्यात, आपणहून जाते. उघड्या हाताने मात्र धरू नये. चावलेच तर जखम साबणाने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

माळा झाडतानाही घाई नको. उंदराची लेंडी कडक असते, यांची बोटांत चुरडते आणि आत किड्यांच्या पंखांचा चुरा चकाकतो. ती धूळ छातीत गेली तर बुरशीमुळे फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. आधी पाणी शिंपडा, नाकातोंडावर मास्क लावा, मग झाडू. मोठ्या कानांच्या वटवाघळांच्या बैठकीखाली तर नाकतोड्यांच्या तंगड्या, बेडकाचे अवशेष, कधी उंदराची शेपटीही मिळते. उंदरांसाठी आपण विकतचे औषध आणतो, ही गंमतच.

महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१ मध्ये सांगितले, तेव्हापासून गावात भीती आहे. प्रतिपिंडे सापडली म्हणजे साथ आली असे नव्हे. उलट धुरी देऊन बिथरवलेली वटवाघळे घरभर फडफडतात, माणसांच्या अंगावर येतात. जपायचे असेल तर ते टाळायला हवे.

यंदाची मेची सुट्टी सुरू झालीच आहे. ज्यांनी गवंडी ठरवला असेल त्यांनी त्याला निदान फटींपुरते पुढच्या शिमग्याला बोलवावे. तोवर वासाला उतारा म्हणून माळ्याची खिडकी उघडी ठेवा, आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या.

आपला,
एक वाचक, राजापूर तालुका