दाढेची जागा आणि रुमाल

संपादक महोदय,

कालच्या अंकातली 'पडलेले दात पुन्हा उगवणार! जपानी शास्त्रज्ञांची किमया' ही बातमी वाचली. उद्गारचिन्हाबद्दल अभिनंदन. मी कराडला 26 वर्षं दातांचा दवाखाना चालवते आणि या उद्गारचिन्हाची वसुली माझ्या खुर्चीवर होते, म्हणून हे पत्र.

हीच बातमी आपण 2024 मध्येही छापली होती. तेव्हाचं कात्रण माझ्या एका पेशंटच्या पाकिटात आजही घडी घालून ठेवलेलं आहे. निवृत्त मास्तर आहेत, गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली, त्यात माझा धाकटा दीरही. त्यांची खालची दाढ किडून ठणकत होती. रूट कॅनल करून कॅप बसवली असती तर कितीतरी वर्षं बिनतक्रार चालली असती. सरांनी कात्रण पुढे केलं. 'मॅडम, 2030 पर्यंत औषध येतंय. कशाला कोरत बसताय?' लवंगेच्या तेलावर त्यांनी तीन महिने काढले आणि एका रविवारी सकाळी टम्म फुगलेला गाल धरून दारात उभे राहिले. दाढ काढावीच लागली. भूल उतरायच्या आत पहिला प्रश्न, 'मग इथेच येणार ना नवी?'

त्या रिकाम्या जागी ब्रिज बसवून घ्या म्हणून तेव्हापासून मी मागे लागले आहे. सर ऐकत नाहीत. जागा भरून टाकली तर नवी दाढ येणार कुठून, असा त्यांचा सवाल. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तशी त्यांनी ती जागा धरून ठेवली आहे. पण तोंडात रुमालाला कोणी जुमानत नाही. मागची दाढ त्या फटीत कलली आहे. वरच्या दाढेला टेकायला खाली काही उरलं नाही, म्हणून तीही हळूहळू खाली उतरते आहे. उद्या ब्रिज करायचा म्हटलं तरी आधी या दोघींची समजूत काढावी लागेल. आणि काल संध्याकाळी सरांचा विजयी स्वरात फोन, 'पेपर वाचलात ना?'

वाचला. त्यात काय नव्हतं तेही वाचलं. क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालेली चाचणी पहिल्या टप्प्याची होती. 30 ते 64 वयाचे, निदान एक दाढ गेलेले, एरवी ठणठणीत असे 30 पुरुष घेतले होते. औषध शिरेतून द्यायचं आणि मुख्यतः ते माणसाला सोसतं का हे पाहायचं, एवढंच काम. हे औषध आधी कोणासाठी आहे, तर जन्मतःच ज्यांना काही दात येत नाहीत त्यांच्यासाठी. पुढच्या टप्प्यात 2 ते 7 वर्षांची, किमान चार दात जन्मतः नसलेली मुलं घ्यायचं ठरलं होतं. 2030 हे साल या मुलांसाठी धरलेलं आहे, आणि तेही उद्दिष्ट म्हणून. आपण त्याची मुदत ठेव करून टाकलीत. किडून गेलेल्या दाढांचा नंबर त्यानंतर, लागलाच तर.

मूळ काम इतकं सुंदर आहे की बातमीची जास्तच चीड येते. युसॅग-1 नावाचं एक प्रथिन दाताच्या कोंबाला आवर घालतं. ज्या उंदरांत ते नसतं त्यांना जादा दात फुटतात. कात्सु ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी, या औषधाचं मूळ तेच) तयार केलं आणि दात न येणाऱ्या उंदरांना ते टोचून दात आणून दाखवले. पण उंदराला दुधाचे दात नसतात, त्याचा एकच संच. म्हणून मग फेरेट घेतला, मुंगसाच्या तोंडवळ्याचा प्राणी, ज्याचे दुधाचे दात आपल्यासारखेच पडून दुसरे येतात. त्यालाही समोर एक जादा दात आला. हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. एवढं छापायला दहा ओळी पुरल्या असत्या. ती जागा आपण बत्तीशी दाखवणाऱ्या एका परदेशी मॉडेलला दिलीत. तिचा एकही दात पडलेला दिसत नाही.

जपानी शास्त्रज्ञांचंच कौतुक करायचं तर ओसाका विद्यापीठाच्या शिमोन साकागुचींना 2025 चं नोबेल मिळालं, ते त्यांनी 1995 मध्ये दाखवून दिलेल्या पेशींसाठी. मधे 30 वर्षं गेली. आपल्या शरीराचं संरक्षक दल आपल्यावरच उलटू नये म्हणून त्याला लगाम घालणाऱ्या त्या पेशी. तेव्हा मात्र आपल्याला चौकटीतल्या चार ओळी पुरल्या होत्या. तिथे एखादं उद्गारचिन्ह चाललं असतं.

आता लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. दातांच्या बातमीखाली अर्धं पान वेलचीची जाहिरात होती. ती वेलची कोणत्या घराण्यातली, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे म्हणे. माझ्याकडे पंचविशीतली मुलं येतात, ज्यांच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत. गालाच्या आतली कातडी सुतळीसारखी आवळलेली, वरण-भातसुद्धा झोंबतो. उद्या जपानहून औषध येऊन यांना दात फुटलेच, तर ते बघायला तोंड उघडायला नको का? बातमी वर आणि वेलची खाली ही मांडणी ज्यांनी केली, त्यांना एकदा माझ्या दवाखान्यात पाठवा. तपासणी फुकट करीन.

आपल्या जागेची अडचण मी समजू शकते. पत्र कापायचंच असेल तर वेलचीचा परिच्छेद कापाल हेही समजते. चाचणीचा परिच्छेद तेवढा ठेवा. आणि जमल्यास बुधवारच्या आत छापा. सर गुरुवारी साडेपाचला येणार आहेत आणि कात्रणावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

आपली,
एक जुनी वाचक आणि दंतवैद्य, कराड