तिला न विचारताच ठरवलं

माननीय संपादक,
सप्रेम सलाम.

आम्हा ख्रिस्ती लोकांबद्दल पेपरात नाताळ आला की नाहीतर सप्टेंबरात बांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरली की छापून येतं, केक, गाणी, मेणबत्त्या, वाचून बरंही वाटतं. पण चर्चच्या आत आमची काय ओढाताण चालू असते ते कुठे येत नाही म्हणून लिहायला बसलोय. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असं आमच्यातले काहीजण म्हणणार, पण घरात बोलून झालं, सव्वा वर्ष तेच करतोय.

मी कुर्ल्याला राहतो, रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून रिटायर झालो, मूळ आम्ही नगरकडचे. आमची मराठी मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहानशी आहे, रविवारी सव्वाशे-दीडशे माणूस जमतं, त्यात निम्म्यांची आज्जी-पणजी एकाच तालुक्यातली निघेल. कमिटीवर माझी ही तिसरी टर्म.

गेल्या वर्षी जूनमध्ये मीटिंग झाली त्यात पहिला विषय पावसाळ्याचा होता, मागच्या बाजूचे पत्रे गळतात त्याच्यावर ताडपत्री टाकायची की पत्रेच बदलायचे, त्यात पाऊण तास गेला. तिसरा विषय आमच्या संडेस्कूलच्या एका टीचरचा. तो दहा मिनिटांत संपला. ही मुलगी, मुलगी म्हणजे आता चाळिशीला आली पण मी तिला फ्रॉकमध्ये वचनं पाठ म्हणताना पाहिलंय, हॉस्पिटलात नर्स आहे, नाइट ड्युटी करून रविवारी सकाळी तशीच यायची आणि मुलांना घेऊन बसायची, पंधरा वर्षं. नवरा प्यायचा, मारायचा. सात वर्षं तिने कोणाला कळू दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर कळत होतं सगळ्यांना, लांब बाह्यांचा ब्लाउज मे महिन्यात कोण घालतं. मुलीवर हात उचलला त्या रात्री ती निघाली. कोर्टातून रीतसर घटस्फोट घेतला, तीन वर्षांनी एका विधुर माणसाशी लग्न केलं, आपल्यातलाच माणूस, चर्चमध्ये लावून मिळेना म्हणून रजिस्टर. ठराव असा झाला की तिने संडेस्कूल सोडावं, आणि विचारविनिमय पूर्ण होईपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस वाटून घेतो ते, घेऊ नये. अकरा जणांच्या कमिटीत दोन बाया, त्यातली एकच त्या दिवशी हजर होती. आणि जिच्याबद्दल ठरवत होतो तिला बोलावलंच नव्हतं.

ठरावाला मीही हात वर केला. का केला हे मी बऱ्याचदा स्वतःला विचारलंय, उशीर झाला होता, पाऊस होता, वाद नको होता, एवढंच सापडतं.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. प्रभुभोजनाच्या टेबलावर पांढरं कापड, भाकरीचे बारीक तुकडे, मनुका उकळून घरी केलेला रस, बोटाच्या पेराएवढे काचेचे ग्लास. आमच्याकडे ट्रे बाकांवरून फिरतो आणि त्या दिवशी तो फिरवायची पाळी माझी होती. तिच्या बाकाशी आलो तेव्हा तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि खाली बघत राहिली, मी ट्रे तिच्या पुढून पलीकडच्या बाईला दिला. माझा हात हलत असावा कारण ग्लास एकमेकांवर वाजले. शेजारी तिची मुलगी, नऊ वर्षांची, तिचं दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी) व्हायचंय म्हणून ती तशीही घेत नाही, पण ती आधी आईकडे बघत होती आणि मग माझ्याकडे बघायला लागली. त्या दिवसानंतर मला धड झोप नाही असं बायको म्हणते, तिचं खरं आहे.

आता तिच्या पहिल्या नवऱ्याचं. दोन वर्षांपूर्वी तो एका रविवारी पुढे आला, रडला, चुकलो म्हणाला, पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, दोन महिन्यांत तो शास्त्रपाठ वाचायला उभा राहिला. त्याला क्षमा मिळाली त्याचं मला वाईट वाटत नाही, लिहून देतो, तो खरंच सुधारला असेल तर आनंदच आहे. पण त्याला कृपा मिळायला दहा मिनिटं लागली, आणि तिने कमिटीला तीन पत्रं लिहिली त्यातल्या एकालाही उत्तर नाही. त्याला कोणी विचारलं नाही की बाबा, जिला मारलंस तिच्याकडे गेलास का, तिची माफी मागितलीस का. देवाकडे मागितली म्हटल्यावर आम्ही मोकळे झालो. आणि तिला मात्र लग्न टिकत होतं तोपर्यंत सगळे सांगत होते की साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची असते. बायबलमधल्या मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं हे वचन आमच्याकडे मार खाणाऱ्या बाईलाच ऐकवतात. त्याच अध्यायात थोडं वर लिहिलंय की भावाने अपराध केला तर आधी एकटा त्याच्याकडे जा, दोघांतच बोल, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, आणि मग मंडळीला सांग. आमच्यातलं एकही माणूस तिच्याकडे आधी एकटं गेलं नाही. आम्ही सरळ शेवटच्या पायरीवर उडी मारली.

कमिटीत ज्यांनी सगळ्यात जास्त विरोध केला त्या काकांबद्दल मला नीट लिहायचंय कारण त्यांना वाईट ठरवून हा विषय सुटत नाही. ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांची बायको अकरा वर्षं अंथरुणाला होती, तिला उचलून बाथरूमला नेणं, भरवणं, पाठीला पावडर लावणं हे सगळं त्यांनी स्वतः केलं, बाई ठेवली नाही. देवाने जे जोडलंय ते माणसाने तोडू नये हे वाक्य त्या माणसाने अकरा वर्षं हाताने वाचलंय. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "मग आम्ही निभावलं ते काय वेडे म्हणून?" आणि त्यांचा आवाज फाटला. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. त्यांचं दुःख खरं आहे. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत पैसे उडवून परत आलेल्या धाकट्याला बाप जवळ घेतो, आणि घरी राबलेला मोठा भाऊ अंगणात उभा राहून रागवतो तेव्हा बाप त्याला झिडकारत नाही, बाहेर येऊन त्याचीही विनवणी करतो. पण काका, तुमची बायको आजारी होती, ती तुम्हाला मारत नव्हती. तुम्ही जे निभावलंत ते प्रेम होतं, आणि ती जे सोसत होती त्याला मी लग्न म्हणायला तयार नाही.

वचन मी टाळत नाहीये. मार्क दहा, मत्तय एकोणीस, येशूने घटस्फोटाबद्दल कडक शब्द वापरलेत, ते गुळगुळीत करायचा मला हक्क नाही. फक्त तिथे प्रश्न काय विचारलाय तो बघा. कोणत्याही कारणावरून पुरुषाने बायको टाकावी का, असा प्रश्न आहे. विचारणारे पुरुष आहेत आणि बायको टाकायची मोकळीक मागतायत. आपल्याकडे टाकलेली बाई म्हणतात ना, तिची काय गत होते हे खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. येशूचा शब्द त्या टाकल्या जाणाऱ्या बाईच्या आडवा उभा राहिला होता, तोच शब्द आम्ही जीव वाचवून पळालेल्या बाईच्या दारात आडवा घातला. दुसरं लग्न करावं की नाही हा तरीही अवघड प्रश्न आहे, माझं मत एक आहे, पाळकसाहेबांचं वेगळं असू शकतं, त्यावर बसून बोलता येईल. पण तोपर्यंत ताट ओढून घ्यायचं?

प्रभुभोजनाआधी दर वेळेला पहिल्या करिंथकरांचा, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा, अकरावा अध्याय वाचतात, जो अयोग्य रीतीने खाईल तो दोषी ठरेल. कमिटीने याच वचनावर ठराव केला. मी तो अध्याय घरी चष्मा लावून पुन्हा वरपासून वाचला. करिंथात काय झालं होतं, तर पैसेवाले आपापलं जेवण आधी उरकून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, आणि पौल विचारतो की ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय. अयोग्य रीत म्हणजे ती. आणि पुढे म्हणतो प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. स्वतःची म्हटलंय, पुढच्या बाकावरच्या बाईची नाही. न्यायच नको असं माझं म्हणणं नाही, त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एका माणसाला मंडळीतून काढायला सांगतो, आणि उद्या कोणी संडेस्कूलच्या पोराला हात लावला तर त्याला बाहेर काढायला सगळ्यात आधी मी उभा राहीन. पण आमचा न्याय बाईकडे धावत जातो आणि वजनदार माणसाच्या दारात चप्पल काढून थांबतो.

पंडिता रमाबाईंचं नाव आम्ही दर मेळाव्यात घेतो. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये होत्या तेव्हा वाँटेजच्या सिस्टर्सनी, म्हणजे जोगिणींनी, त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं, तिथे समाजाने वाईट ठरवलेल्या बायकांना सांभाळायचं घर होतं. असल्या बायकांशी कोणी इतक्या मायेने वागतं हे त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं, असं का करता म्हणून विचारलं, तर सिस्टरने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची, पाच नवरे झालेल्या आणि विहिरीवर येशूला भेटलेल्या बाईची, गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं ते इथेच, मुंबईत चौपाटीला, आणि पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी वेगळं घर काढलं त्याचं नाव कृपासदन. मी तर म्हणतो पाच नवरे झालेल्या त्या बाईची गोष्ट नसती तर रमाबाई आमच्यात आल्या असत्या की नाही कोण जाणे. आणि त्या गोष्टीत येशू सुरुवात कुठून करतो, मला पाणी दे. नवऱ्यांचा विषय नंतर काढतो, खरं तेच बोलतो, लपवत नाही, पण आधी तिच्या हातचं पाणी मागतो. आमच्या मीटिंगमध्ये आम्ही हिशोब आधी मांडला आणि तिला बोलवायचंच राहून गेलं.

कायद्याने सुद्धा आमच्या बायकांना उशिरा न्याय दिला. १८६९ चा घटस्फोट कायदा, त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरायचं, पण बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नव्हता, सोबत क्रूरपणा नाहीतर टाकून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागायचं, आणि नुसत्या मारहाणीवर तर सुटकाच नव्हती. आपल्या मुंबई हायकोर्टाने १९९७ मध्ये हा भेदभाव चूक ठरवला, संसदेने २००१ मध्ये कायदा बदलला, परस्परसंमतीने घटस्फोट तेव्हा कुठे मिळायला लागला. माझ्या धाकट्या आत्याने या कायद्यापायी सगळं आयुष्य माहेरी काढलं, धड लग्न झालेली नाही धड सुटलेली नाही. ती प्रत्येक प्रभुभोजनाला पुढे बसायची आणि तिला सगळे फार सोशिक म्हणायचे.

वर्कशॉपमधला माझा मित्र वसईचा, कॅथलिक, त्यांच्यात घटस्फोट मानतच नाहीत, त्यांचं धर्मन्यायालय असतं, तिथे लग्न मुळातच वैध नव्हतं असं ठरलं तर सुटका. पण त्यांच्याकडेही पोप फ्रान्सिसनी २०१५ मध्ये ती प्रक्रिया सोपी केली आणि पुढच्या वर्षी पाळकांना सांगितलं की अशा प्रत्येक माणसाची परिस्थिती जवळ बसून समजून घ्या, सगळ्यांना एकच पट्टी लावू नका. एवढी मोठी जुनी संस्था जवळ बसा म्हणते, आणि आमची दीडशे माणसांची मंडळी, सगळे एकमेकांच्या घरी जेवलेले, आम्हाला बसता येत नाही. जातपंचायतीने कोणाला वाळीत टाकलं अशी बातमी आली की मी स्वतः संतापतो, महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तेव्हा आम्ही चर्चमध्ये त्याबद्दल प्रार्थना केली होती. प्रभुभोजन ही कायद्याची बाब नाही हे मला कळतं. पण बंद दाराआड बसून एका बाईचं ठरवायचं आणि चिठ्ठीने कळवायचं हे मला त्याच्यापासून फार लांबचं वाटत नाही.

मागच्या महिन्यात मी तिच्या घरी गेलो. जायला मला चौदा महिने लागले. तिने दार उघडलं, या काका म्हणाली, पंखा लावला, पाणी आणून दिलं, मग समोर बसली. मी म्हटलं की बेटा, मीही हात वर केला होता. ती म्हणाली, माहीत आहे, मला चिठ्ठी आली त्याच्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग तिने विचारलं की संडेस्कूलच्या पोरांना नाताळचं नाटक कोण शिकवतंय. कोणीच शिकवत नाहीये.

कमिटीची पुढची मीटिंग दुसऱ्या शनिवारी आहे. मी पाळकसाहेबांकडे लेखी अर्ज दिलाय की तो ठराव मागे घेण्याचा विषय पहिला घ्या, ताडपत्रीच्याही आधी, दोन्ही बाया हजर असल्याशिवाय तो चर्चेला घेऊ नये, तिला बोलवावं आणि ती यायला तयार नसेल तर आपल्यातल्या दोघांनी तिच्याकडे जावं, आणि यापुढे कोणाचंही ऐकून घेतल्याशिवाय त्याला प्रभुभोजनातून थांबवू नये. काकांनाही घरी जाऊन अर्ज वाचून दाखवला. त्यांनी सही केली नाही. पण निघताना म्हणाले, कागद ठेवून जा, रात्री परत वाचतो.

आपला,
एक वाचक, कुर्ला पूर्व
(माझं नाव छापू नये ही विनंती, त्या मुलीची ओळख पटेल)