माझं साल आखाजीपासून

धुळे,
गुढीपाडवा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आज गुढी उभारली नाही. ओमने काही विचारलं नाही, शेजारच्या गच्चीवरच्या गाठीकडे नुसता बघत राहिला. कडुनिंबाचा पाला मात्र दोघांनी खाल्ला.

फोनवर आई "जेवनी का बेटा?" म्हणते आणि माझं पुढचं सगळं घशातच राहतं. म्हणून पत्र. बाबा, आईला वाचून दाखवा. मधे थांबू नका.

मी तिकडे राहायला येत नाही. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, ह्यांचं दुकान उघडणार आहे. गाळ्याचं तीन महिन्यांचं भाडं भरून टाकलं. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही "ये" म्हणाला असतात आणि मी आले असते.

तुम्ही मागची खोली रंगवून पंखासुद्धा बसवलात, हे दादाने सांगितलं. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बाबा, ती खोली तशीच ठेवा. सुट्टीत ओम तिथेच राहणार आहे, आणि मीही येईन.

वर्षश्राद्ध व्हायच्या आत नवं काही नको, असं तुम्ही म्हणाल. पण हे नवं कुठे आहे? मशीन त्यांचं, कात्री त्यांची, मापांची वहीसुद्धा त्यांच्याच अक्षरातली. दिवाळीपासून शटर खाली आहे, तरी गिऱ्हाइकं घरी येऊन विचारतात. पँट-शर्टाचं काम मला जमणार नाही, पण ब्लाउज, पिको-फॉल आणि शाळेचे गणवेश जमतात. गणवेशाचं काम मे महिन्यात येतं, ते गेलं तर वर्ष गेलं. ओम आठवीत जाईल. ज्या वर्षी वडील गेले त्याच वर्षी त्याची शाळा, मित्र, गल्लीही काढून घ्यायची, हे माझ्या जिवावर येतं.

बाबा, तुम्हीच सांगायचात ना, आपल्याकडे शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला फिरतं. मागचा हिशेब करायचा आणि पुढचं साल धरायचं. माझंही तसंच धरा. आणि केळीचा घड उतरवल्यावर खोड लगेच मुळापासून का काढत नाहीत, हे मी लहानपणी विचारलं होतं. तुम्ही मला बांधावर बसवून सांगितलं होतं, त्यातलं पाणी पिलाला उतरतं म्हणून. आठ दिवसांपूर्वी दुकान झाडायला गेले, त्यांच्या खुर्चीवर बसले आणि तेच आठवलं. खूप रडले. मग मशीनला तेल घातलं.

इथली काळजी करू नका. नळाला रोज पाणी येत नाही, पण टाकी आम्हा दोघांना पुरते. गॅस भरलेला आहे, कुलर दुरुस्त करून घेतला. शेजारच्या काकू रात्री जेवल्यावर येऊन बसतात. मी वेळेवर जेवते, आई, खरंच जेवते. कळण्याचं पीठ संपलं तेवढं.

आखाजीला माहेरी न येण्याची ही पहिलीच वेळ. निंबाचा झोका, गौराईची गाणी, सांजोऱ्या तळताना मला पहिली फुटकी सांजोरी देणारी तू, सगळं डोळ्यांपुढे येतं. पण या वर्षी त्यांची घागर भरायची आहे. घागरीवर डांगर, आंबा, सांजोरी ओमच्या हातून ठेवायची. ते झालं की शटर उघडीन. एकटीने उघडवणार नाही मला. तुम्ही दोघं या.

आता माझं ऐका. बाबा, बारा ते चार शेतात जायचं नाही. ऊन आत्ताच सोसत नाही. रात्रीच्या लाईटला मोटर सुरू करायला दादाला पाठवा, तुम्ही अंधारात जाऊ नका. बीपीची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही. आई, गुडघ्याला नुसतं तेल चोळून चालणार नाही, डॉक्टरांना दाखव, आणि कुरडयांचा चीक एकटीने घाटू नकोस. रागावू नका, तुमच्याशिवाय हक्काने कोणाला बोलू?

अमळनेरमार्गे येणारी सकाळची एस.टी. धरा, म्हणजे उन्हाच्या आत पोहोचाल. आणि आई, येताना खापर कपड्यात नीट गुंडाळून आण. इथल्या तव्यावर मांडे होत नाहीत, आणि त्यांना ते फार आवडायचे.

तुमची,
बेबी